पत्ता तोच आहे

आमच्या मासिकाच्या वर्गणीदारांची यादी वाचली की वाटतं, मुंबईत १९९५ साल अजून उजाडायचंय. निम्मी मंडळी 'बॉम्बे'त राहतात, एलफिन्स्टन रोडला उतरतात आणि केडेल रोडने घरी जातात. स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं, केडेल रोडचा तर त्याआधीच कधीतरी स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग झाला. यादीला हे कुणी कळवलेलं नाही.

पूर्वी ही यादी जाड रजिस्टरात होती. आता संगणकात आहे, म्हणजे खोडाखोड दिसत नाही इतकंच. अंक टपालात पडले की काही दिवसांनी त्यांतले बरेच माहेरी परततात. वर शेरा : 'पत्ता अपुरा', 'घर बंद', 'सोडून गेले'. मग संपादक म्हणतात, ''सगळ्यांना एकेक फोन करून टाका.'' 'टाका' म्हणणाऱ्याने तो फोन कधी केलेला नसतो.

''काका, मासिकाकडून बोलतेय. पत्ता तोच आहे ना?''

''तोच म्हणजे? जन्मलोय तिथे.''

''पण अंक परत आला हो.''

''येणारच. बिल्डिंग पाडलीय.''

''मग सध्या कुठे असता?''

''कांदिवलीला, भाड्याने. तात्पुरतं. बिल्डर तीन वर्षं म्हणालाय.''

''कधी म्हणाला?''

''२०११ साली.''

मी म्हटलं, कांदिवलीचा पत्ता घालते. काका एकदम सावध. ''छे छे! उद्या तो म्हणेल, हे इथे राहतच नव्हते. एक तरी कागद तिथल्या पत्त्यावर यायला हवा.'' तिथे सध्या पत्र्याचं कुंपण आणि पाणी साठलेला खड्डा आहे. आमचा अंक दर महिन्याला नेमाने त्या खड्ड्याकडे जातो आणि वाचून झाल्यासारखा परत येतो.

लोक घरं बदलतात म्हणून पत्ते जुने होतात, हा समज बाहेरगावचा. इथे माणूस जागचा हलत नाही, त्याच्या पायाखालून शहर सरकतं. चाळीचा टॉवर होतो, खोली नंबर अकराची 'बी विंग, चौदाशे तीन' होते, आणि जो खरोखरच गिरगाव सोडून डोंबिवलीला गेला, तो आपला पत्ता अजून गिरगावचाच सांगतो.

त्यातल्या त्यात आधार पिन कोडचा. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला, आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवी. त्यांनी अख्खा देश सहा आकड्यांत बसवला, पण दादरकराला इतके आकडे लागत नाहीत. तो अजून 'मुंबई २८' एवढंच लिहितो. चूक काढायची सोय नाही, कारण ४०००२८ला शेवटी तेच २८ आहेत. खरी पंचाईत पार्ल्याची. पूर्वेला ४०००५७, पश्चिमेला ४०००५६. आणि पूर्वेचा पार्लेकर पत्त्यात 'पूर्व' लिहीतच नाही. पश्चिमेलाही पार्लं असतं हे त्याला मान्य नाही.

बाकीचे पत्ते म्हणजे वाट दाखवणं. 'मारुतीच्या देवळावरून आत, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती तिथे, जिना मागच्या बाजूने.' संगणकाच्या एका ओळीत अक्षरं मोजून मावतात, त्यामुळे लेबलावर छापून येतं : 'मारुतीच्या देवळावरून आत, जिथे पूर्वी'. पोस्टमन तरी काय करणार, तो पूर्वी कसा जाणार?

मग दुबार नोंदी काढणारं एक सॉफ्टवेअर आलं. ते तयार करणाऱ्याला आपल्याकडची नावं ठेवायची रीत ठाऊक नसावी. आजोबा विनायक नारायण, मुलगा नारायण विनायक, नातू पुन्हा विनायक नारायण. आडनाव एक, घर एक. आजोबा आजीव वर्गणीदार, नातू हल्लीचा, रोख वार्षिक वर्गणी भरणारा. संगणकाने दोघांतून एक निवडला आणि दुसरा पुसला. आजोबांचा फोन आला : ''बाई, अजून आहे हो मी!'' त्यांना परत घातलं, तर पुढच्या महिन्यात नातू गेला. सध्या त्या घरात एकच अंक जातो आणि आधी कुणी वाचायचा यावरून तिथे जे काही चालतं, ते संगणकाच्या कक्षेबाहेरचं आहे.

२०२५मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. दहा अक्षरं-आकडे, आणि त्यांत जमिनीचा सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा नेमका सापडतो. संपादक हरखले. मी म्हटलं, टॉवरात चौदाव्या मजल्यावरच्या आजींचं देवघर आणि त्याच्या बरोबर खालची तेरा बाथरूमं, सगळ्यांचा डिजिपिन एकच येणार. ते विषय बदलून कागदाच्या भावावर आले.

आपणहून पत्ता दुरुस्त करायला फोन करणारा माणूस मात्र मला अखेर भेटला. खाडिलकर रोडचा पत्ता. ''मॅडम, तुम्ही दुसरा मजला घालता. आम्ही पहिल्यावर. वरचे लोक आधी वाचतात, मग आम्हाला मिळतो. दिवाळी अंकाच्या आत बदला.'' मी आनंदाने नाव विचारलं. यादीत नव्हतं. वर्गणीदार खोली विकून केव्हाच वसईला गेले होते. गृहस्थ म्हणाले, ''त्यांच्याच नावाने येऊ दे, आमची काही हरकत नाही. तुम्ही फक्त मजला बघा.''