थेणीच्या डोंगरातला न्यूट्रिनो आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड

दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: 'मुंबईचे शास्त्रज्ञ तामिळनाडूत थेणीच्या डोंगरात न्यूट्रिनो तयार करणार, किरणोत्सर्ग होणार, म्हणून तर सगळं जमिनीखाली लपवतायत. शिवाय जपानने हे आधीच शोधलंय.' मुंबईचे म्हणजे कुलाब्याच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्था). प्रकल्प आयएनओचा, म्हणजे न्यूट्रिनो टिपायच्या नियोजित भूमिगत वेधशाळेचा. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, कशालाही क्वचितच धडकणारा सूक्ष्म कण.

'तयार करणार'? तिथे काहीच तयार होणार नव्हतं. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, वरच्या हवेवर आदळतात, त्यातून हे न्यूट्रिनो जन्मतात. डिटेक्टर नुसता वाट बघत बसतो. सूर्याकडचे तर अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. आजवर कुणाला पुरळही उठलेलं नाही.

जमिनीखाली का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याच किरणांमधून म्यूऑनही (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, विद्युतभारित) बरसतात, पसरलेल्या तळहातावर साधारण सेकंदाला एक. आयएनओचा डिटेक्टर म्हणजे लोखंडी थरांमध्ये बसवलेल्या काचेच्या जोड्या; दोन काचांमधल्या दोन मिलिमीटरच्या फटीत वायू आणि वर हजारो व्होल्ट. विद्युतभारित कण गेला की तिथे बारीकशी ठिणगी पडते. न्यूट्रिनो स्वतः ठिणगी पाडत नाही; तो क्वचित लोखंडात धडकतो आणि त्यातून निघालेला म्यूऑन ती पाडतो. हे कुलाब्याच्या गच्चीवर मांडलं तर म्यूऑनच्या कलकलाटात न्यूट्रिनोची ठिणगी हुडकायची कशी? डोक्यावर किलोमीटरभर खडक असला की म्यूऑन लाखो पटींनी घटतात. न्यूट्रिनोला खडकाचं काहीच वाटत नाही.

जपानचं म्हणणं अर्धं खरं. तिथल्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत डिटेक्टरने ५०,००० टन पाण्यात १९९८ मध्ये दाखवलं की डोक्यावरून, म्हणजे १५-२० किलोमीटरवरून येणारे म्यूऑन-न्यूट्रिनो (न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांपैकी एक) हिशेबाप्रमाणे मिळतात, पण पृथ्वीच्या पलीकडून सुमारे १३,००० किलोमीटर कापून आलेले जवळपास निम्मेच. पृथ्वी त्यांना अडवत नाही. वाटेत त्यांचा प्रकारच बदलतो. म्हणजे त्यांना वस्तुमान आहे. या प्रयोगातल्या ताकाकी काजिता यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते यासाठीच. पण तीन न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा चढता क्रम त्यातून कळला नाही. आयएनओचं ५०,००० टन लोखंड चुंबकित असणार होतं, ते त्यासाठी: धन आणि ऋण म्यूऑन उलट दिशांना वळतात, त्यावरून न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो (त्याचा प्रतिकण) वेगळे ओळखता येतात. पृथ्वीच्या पोटातून येताना दोघांत पडणारा फरक तो क्रम सांगतो.

'आपल्याला काय जमणार' म्हणणाऱ्यांसाठी: १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टीआयएफआरच्या लोकांनी ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांसोबत वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते.

बोगद्याचे सुरुंग, जंगल, पाणी यांवर भांडायचं तर खुशाल भांडा. तामिळनाडू सरकारचा विरोधही अशाच मुद्द्यांवर. त्यात किरणोत्सर्ग कशाला घुसडायचा?