फोन चालू ठेवा, जागलीवर माणूस आहे

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन अंतराळातले घातक किरण पृथ्वीजवळून जाणार. मोबाईल बंद करा, अंगाजवळ ठेवू नका.’ नासाचं नाव लावलेला हा जुना मेसेज परवा आमच्या गावच्या ग्रुपवर पुन्हा आला. या वेळी भर होती, ‘गॅमा किरणांचा स्फोट आहे, त्याचा चुंबकीय झोत मोबाईलकडे ओढला जातो.’ हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून माणसं वावरात जागलीला गेलेली, आणि घरच्यांनी फोन बंद केले. म्हणून लिहितो.

वेळ आधी कळूच शकत नाही. गॅमा किरण म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, फार जोरकस प्रकाशच. ते प्रकाशाच्याच वेगानं येतात, त्यांच्या आधी निरोप पोचवणार कोण?

आता झोत. मोठा तारा कोसळून कृष्णविवर होतं, ते गरगर फिरतं आणि चुंबकीय रेषांना पीळ बसतो, दावं वळताना सुतळीला बसतो तसा. त्या पिळात ऊर्जा साठते नि झोत ध्रुवांकडून सुटतो. ताऱ्यापासून कोट्यवधी, अब्जावधी किलोमीटरवर गेल्यावर उलट दिशांच्या रेषा जवळ येतात, तुटतात, नव्यानं जुळतात. त्या झटक्यात इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि गिरक्या घेत गॅमा किरण फेकतात. झोतातले थर एकमेकांवर आदळून ऊर्जा सुटते, असं मानणारेही शास्त्रज्ञ आहेत. तो वाद मिटलेला नाही. मला चुंबकीय बाजू पटते, कारण आपल्या ॲस्ट्रोसॅट या दुर्बिणींच्या उपग्रहानं काही स्फोटांच्या किरणांत ध्रुवीकरण, म्हणजे लहरींचं एकाच दिशेत डोलणं, पकडलंय; नीट रांगेतल्या चुंबकीय रेषांमुळं तसं होऊ शकतं. पण कुणीही बरोबर असो, ते चुंबकीय क्षेत्र तिथंच राहतं. इथं येतो तो नुसता प्रकाश. त्याला विद्युतभार नाही, मग चुंबक त्याला ओढणार कसा, नि मोबाईल तरी कसा?

‘घातक’ म्हणता, तर ९ ऑक्टोबर २०२२ आठवा. आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी गॅमा स्फोट त्या दिवशी भारतीय वेळेनुसार पावणेसातला संध्याकाळी पोचला, सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून. आणि तेव्हा तो विदर्भाच्या जवळजवळ डोक्यावर होता! उंचावरचं आयनांबर, म्हणजे हवेतला विद्युतभारित कणांचा थर, ढवळलं गेलं, किरण हवेनं वरच अडवले. खाली सोयाबीनचा हंगाम चालला होता, मोबाईल खिशातच होते. कुणाला काही कळलंही नाही.

जागलीवर कुणी गेलं असेल, तर आज रात्री घरचा फोन उशाशी आणि चालू ठेवा.