आवाज काढून दाखवा

गाडीचं दुखणं आमच्या मिस्त्रींना नुसत्या आवाजावरून कळतं. अडचण एकच, त्यांच्यासमोर गाडी कधी वाजतच नाही. घरापासून गॅरेजपर्यंत अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा खडखडाट करत आलेली ही बया त्यांच्या शटरसमोर उभी राहिली, की शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी हाताची घडी घालून चिडीचूप. मग मिस्त्री चिंध्यांना हात पुसत म्हणतात, ‘‘साहेब, आवाज काढून दाखवा.’’

पन्नाशी गाठलेल्या, लोक ज्याला वाकून नाही पण निदान थांबून नमस्कार करतात अशा माणसाने भर रस्त्यात उभं राहून तोंडाने ‘खट्-खट्-खट्’ करायचं. शेजारच्या टपरीवरची मंडळी कप खाली ठेवून ऐकतात. मिस्त्री गंभीरपणे विचारतात, ‘‘खट्-खट् की कट्-कट्?’’

‘‘खट्-खट्. पण जरा ओलं.’’

गाडीत बसलेली बायको काच खाली करते. ‘‘अहो, ओलं कुठलं? चांगलं कोरडं होतं. आणि खट् नव्हे, ठक्.’’

हा वाद चेष्टेचा नाही, हजारोंचा आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना टक्-टक् आलं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला इंजिनाची ताकद पोचवणारा सांधा. त्याचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला थापलं जातं आणि रिकाम्या जागेत पुण्याची धूळ राहायला येते. बारीक खड्ड्यांवर खड्-खड् असेल तर बहुधा सस्पेन्शनचा लिंक रॉड. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ म्हणजे व्हील बेअरिंग. ती उजवीकडे वळताना वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यायचा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. एवढी विद्या अंगात मुरल्यापासून मला दुसऱ्याच्या गाडीत स्वस्थ बसवत नाही. धाकट्या साडूने तर ‘तुम्ही मागून रिक्षाने या’ असं स्पष्टच सांगितलंय.

गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. मॉडेल केव्हाच बंद झालंय आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. छोटी आहे, सोळा व्हॉल्व्हची आहे, बसकी आहे. नवी होती तेव्हा सिग्नलला शेजारचा पोरगा काच खाली करून बघायचा. आताही बघतो. फक्त आता तो चाकाकडे बोट दाखवतो.

बसकेपणाचं कौतुक शोरूममध्ये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक कसा असावा ते लिहून ठेवलंय: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, म्हणजे 25 च्या वेगाने गाडीने अलगद चढावं आणि अलगद उतरावं. आमच्या सोसायटीबाहेरचा गतिरोधक ड्रेनेजच्या कामातून उरलेल्या काँक्रीटचा आहे. उंची मानकाला मागे टाकते, रुंदी एका पावलात संपते. मी गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवतो, मागचे रिक्षावाले माझ्या खानदानाची चौकशी करतात, आणि तरीही खाली ‘खर्रर्र’ होतंच. तो आवाज कुठून आला, हे मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

उन्हाळ्यात आवाज मागे पडतात आणि तापमानाचा काटा पुढे येतो. सासुरवाडी साताऱ्याकडची. मे महिना, खंबाटकी घाट, पुढे ट्रकांची रांग, पहिला गिअर, आणि मध्यावर राहायचा काटा वर निघालेला. पाणी तापलं की रेडिएटरचा फॅन आपोआप सुरू व्हायला हवा, पण त्याच्या स्विचच्या मनात तसं काही नव्हतं. अशा वेळचा उपाय सोपा आणि अमानुष आहे. एसी बंद, हीटर फुल. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत दडवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये ओततो आणि काटा खाली येतो. बाहेर चाळीस अंश, आत किती ते विचारू नका. सासूबाईंसाठी घेतलेल्या आंबा बर्फीचा परत आमरस झाला. शेजारून चाललेल्या एसटीतले लोक आमच्याकडे कळवळून बघत होते.

घाट चढून थांबलो तर सल्लागार हजर. एक म्हणाला रेडिएटरची टोपी उघडा, दुसरा म्हणाला गार पाणी ओता. पहिल्याचं ऐकलं असतं तर दाबाखालच्या उकळत्या पाण्याने माझं तोंड भाजलं असतं, दुसऱ्याचं ऐकलं असतं तर इंजिनाचं हेड तडकलं असतं. मी दोघांना चहा पाजला आणि बॉनेटपासून लांब ठेवलं.

सासऱ्यांचा ऊस कारखान्याला जातो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं हे पेपरात आल्यापासून दारातच स्वागत होतं: ‘‘काय जावईबापू, आमच्याच रसावर आला ना?’’ इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक-तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज उतरतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप नि सील या मिश्रणासाठी केलेलेच नव्हते, हे त्यांना कोण सांगणार? जावयाने सासऱ्याच्या उसात खोट काढायची नसते. मी गुपचूप पेट्रोलचे पाइप नवे टाकून घेतले आणि म्हणालो, ‘‘हो, गोड चालते.’’

या सगळ्यात ज्याला खरं भ्यावं, तो टायमिंग बेल्ट बहुतेकदा तोंडातून अवाक्षर काढत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडू नये म्हणून तो जन्मभर फिरतो, आणि तुटला की माझ्या गाडीसारख्या इंजिनात त्या दोघांची गाठ पडते. वाकलेले व्हॉल्व्ह आणि हेडचं काम धरून बिल ऐकायला घरच्या कुणाला तरी सोबत न्यावं. मिस्त्रींनी बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप सगळं एकदम बदललं, पंपासाठी परत तेवढंच खोलावं लागतं म्हणून. पैसे मोजताना मी विचारलं, ‘‘आता फरक काय जाणवेल?’’

‘‘काहीच नाही साहेब. जाणवू नये म्हणूनच केलं.’’

मध्यंतरी 15 वर्षं भरली म्हणून आरटीओची वारी झाली. नोंदणीच्या नूतनीकरणाची 600 रुपयांची फी 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झालीय, मिळतात पुढची 5 वर्षं. एजंटचा पोरगा चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासत होता. गंजातून 3 उमटला की 8, यावर बराच वेळ काथ्याकूट झाला. गाडीने मात्र तिथे चकार शब्द काढला नाही, उपकार तिचे.

सध्या पाळी लोअर आर्मची, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याची. नाना पेठेत दुकानदाराला मॉडेल सांगितलं, तर त्याने आत न जाताच मान हलवली. कुर्ल्याला जुना मिळाला, पण त्याचा रबरी बुश माझ्याहून म्हातारा. शेवटी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून डाव्या बाजूचा मागवला. खोक्यावर एलएच, म्हणजे डावा, असं ठळक छापलेलं, आत उजवा. परत पाठवायला बांधत होतो, तेवढ्यात मिस्त्रींनी हातातून काढून घेतला आणि बुश अंगठ्याने दाबून पाहिला.

‘‘माल ओरिजिनल आहे. राहू द्या साहेब.’’

‘‘अहो, पण आवाज डावीकडून येतोय!’’

‘‘येऊ द्या की. उजव्या बाजूचं वय काय कमी आहे?’’