आजार फौजेमुळेच झाला हे जवानानं का सिद्ध करायचं?

फौजेतल्या एका माजी हवालदारांना डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे सर्व्हिसमुळे झालेल्या किंवा वाढलेल्या आजारासाठी मिळणारी पेन्शन, नाकारलीय. त्यांचे कागद वाचतोय सध्या आणि खरंच डोकं फिरलंय. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी छाती मोजली, डोळे कान दात सगळं तपासलं, पळवून बघितलं आणि फिट म्हणून घेतलं. 24 वर्षांनी घरी पाठवताना बीपी निघालं, अपंगत्व धरलं 30 टक्के, तेही आयुष्यभरासाठी, आणि मेडिकल बोर्डाचा, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या समितीचा, शेरा काय तर सर्व्हिसमुळे झालं नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलंही नाही. कारण? पीस पोस्टिंगला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी, असताना सापडलं. एवढंच!

अहो बीपी काय सापडलं त्या दिवशी सुरू होतं का? त्याआधी माणूस डोंगरात बर्फात राहिलाय, रात्र रात्र ड्युटी केलीय, घरी आजारपण असताना रजा मिळालेली नाही, ते सगळं कुठे गेलं? हार्टच्या केसमधे तर बोर्ड त्रास सुरू व्हायच्या आधीच्या 14 दिवसांची ड्युटी बघतं. चौदा दिवस! बाकीच्या वर्षांचा हिशोब कोण करणार?

आणि हे काही मी भावनेच्या भरात बोलत नाही, सुप्रीम कोर्टाने 2013 मधेच धरमवीर सिंग केसमधे स्वच्छ सांगितलंय. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा ठणठणीत होता असंच धरायचं, आजार सर्व्हिसशी संबंधित नाही असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही, आणि बोर्डाने तसं मत दिलं तर त्याची कारणं लिहायची. या पेन्शनच्या 1982 च्या नियमांतसुद्धा शंकेचा फायदा जवानाला द्या असंच होतं. तरी लोकांना ट्रिब्युनलपर्यंत, म्हणजे फौजींच्या केसेस चालवणाऱ्या खास कोर्टापर्यंत, जावं लागतं, आणि तिथे जिंकले की सरकार वर अपील करतं. 2015 ला पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या समितीनेही अशी अपिलं थांबवा असंच सांगितलं होतं.

काहीजण म्हणतात की लोक याचा गैरफायदा घेतात. घेत असतील काही, त्यांना शोधा ना, नावानिशी कारवाई करा. पण म्हणून ज्याला खरंच त्रास आहे त्याच्याकडे संशयाने बघणं मला अजिबात पटत नाही. ऑफिसरकडे वकील असतो, इंग्रजी असतं. खेड्यातला शिपाई नकाराचं पत्र ट्रंकेत ठेवून देतो आणि गप्प बसतो, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

तर घरात कुणी फौजी असेल तर मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कागदांची कॉपी मागून घ्या, नुसतं नकाराचं पत्र पुरत नाही. बोर्डाने कारण लिहिलंय का ते बघा. अपंगत्वाची टक्केवारी 20 च्या खाली असेल तर वाट अवघड आहे, हे आधीच सांगतो. 20 किंवा जास्त असेल तर मुदतीत अपील करा, तिथे नाही झालं तर ट्रिब्युनल, मुंबईतही बेंच आहे. 2014 च्या राम अवतार निकालानंतर पूर्ण सर्व्हिस करून रिटायर झालेल्यांनाही राउंडिंगचा फायदा मिळालाय, म्हणजे 20 टक्के असेल तरी 50 धरून पेन्शन. सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना मात्र नवीन नियम आहेत, ते वेगळे वाचा. आणि उशीर करू नका. उशिरा गेलात तर केस जिंकूनही बऱ्याचदा थकबाकी मागच्या 3 वर्षांचीच मिळालीय, त्याआधीचे पैसे जाऊ शकतात.