अबंधित अंधार

आमच्या घरासमोरच्या खांबावरचा दिवा गेला गणपतीत आणि मी गटारात पडलो पितृपक्षात. मधले दिवस अंदाजाने चालत होतो. पडल्यावर मात्र माझ्यातला नागरिक जागा झाला. गुडघ्याला हळद लावून, दिव्याचा विषय आठवडाभर आधी लेखी देऊन, मी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गेलो.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा. आम्ही होतो सदतीस. त्यातले दोघं ‘नळाला पाणी कधी सुटणार’ एवढंच विचारून उठून गेले. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे गावाला पाठ असल्यामुळे पहिल्या सभेला जाणारा माणूस एकतर नवा असतो किंवा नुकताच गटारात पडलेला.

पुन्हा जमलो तेव्हा पहिला विषय निघाला स्वागत कमानीचा. कमान हवी यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो ‘सुस्वागतम्’ लिहायचं की ‘सहर्ष स्वागत’ याचा. पाऊण तास चालला. मागच्या बाजूला ‘धन्यवाद, पुन्हा या’ लिहायचं ठरत असताना कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, “गटारातून वर आला तर येईल की पुन्हा.” मी त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. नंतर कळलं, गेल्या वर्षी तेही तिथेच पडले होते.

मग सिमेंटच्या बाकड्यांवर थोडं झालं. बाकडी आली, भर उन्हात रांगेने मांडली. पाठीवर निधी देणाऱ्यांचं नाव इतकं ठळक की टेकून बसायला संकोच वाटतो. गाव अजून वडाच्या पारावरच बसतं.

शेवटी माझा दिवा निघाला. सरपंचताईंनी मान हलवली, ‘बघू’ त्यांच्या यजमानांनी म्हटलं, आणि समजावलं भाऊसाहेबांनी. (२०२४ साली ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, पण हाक तीच राहिली.)

“हे बघा सर, पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा दोन पिशव्यांत येतो. ६० टक्के बंधित. तो पाण्याला आणि स्वच्छतेला, दुसरीकडे हात लावायचा नाही. ४० टक्के अबंधित. दिवाबत्ती त्यात बसते.”

“मग बसवा की.”

“अबंधित पेव्हर ब्लॉकला गेलं.”

पेव्हर ब्लॉक ग्रामपंचायतीच्या दारात बसवले होते. आत येताना मीच त्यांचं कौतुक केलं होतं.

“आणि गटार?”

“गटार बंधितमध्ये. त्यात शिल्लक आहे!”

म्हणजे मी पडलो त्याचं कारण अबंधित आणि पडलो ती जागा बंधित. दिवा नाही तर नाही, निदान गटार तरी झाका, म्हटलं. तिथल्या तिथे ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक आजोबा. सर्वानुमते मंजूर. घरी जाऊन बायकोला मी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, “मग दिवा कधी येणार?”

दिवाळीनंतर ढापे आले. चांगले जाडजूड, हत्ती उभा राहील असे. फक्त रस्त्यापेक्षा वीतभर उंच. अंधार होता तिथेच होता. परवा रात्री त्याच ढाप्याला ठेचकाळलो आणि या वेळी गटारात जायची सोय नसल्यामुळे सरळ रस्त्यावर आडवा झालो.

सकाळी लंगडत भाऊसाहेबांना गाठलं. त्यांनी आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग रजिस्टर उघडता उघडता थांबले.

“सर, नेमके पडलात कुठे? ढाप्यावर की रस्त्यावर?”

“रस्त्यावर.”

त्यांनी रजिस्टर मिटलं. चेहऱ्यावर खरोखरीची हळहळ होती.

“रस्ता आपला नाही. तो जिल्हा परिषदेचा.”