रानमांजराला आधी लपायला जागा हवी: त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात दादाच्या रानात ऊसतोड चालू होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा मेसेज आला, "आत्या, हे वाच. खरं असेल तर ह्यांना उद्या सोलापूरला घेऊन येतो." 'ह्यांना' म्हणजे रानमांजराची दोन पिल्लं. फोटोत ती कोंबड्यांच्या खुराड्यात एकमेकांना चिकटून बसली होती आणि पुढ्यात वाटीभर गाईचं दूध होतं. सोबत मोहोळ-पंढरपूरकडच्या शेतकरी गटांत फिरून आलेला फॉरवर्ड. तोच संध्याकाळी माझ्या कॉलनीच्या गटातही आला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

फॉरवर्डमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. उसात सापडलेली रानमांजराची पिल्लं अनाथ असतात, ती उचलून दूध पाजा आणि प्राणिसंग्रहालयाला द्या. तिथं ती सुखात राहतात, कारण रानमांजर म्हणजे जरा मोठं मांजरच, त्याला वाघासारखी एकरभर जागा लागत नाही, चार फुटांचा पिंजरा पुरतो. सिमेंटची फरशी रोज फिनेलनं धुतली की रोगराई नाही. आत झाडझुडूप आणि ढोल्या ठेवू नयेत, नाहीतर तिकीट काढून आलेल्यांना प्राणी दिसत नाही. दिवसभर झोपून असतं म्हणजे ते समाधानी आहे. रानात चार-पाच वर्षं जगणारं जनावर पिंजऱ्यात पंधरा वर्षं जगतं, याहून मोठा पुरावा कुठला?

पिल्लांचं आधी, कारण त्यात जीव जातात.

पिल्लं बहुतेक वेळा अनाथ नसतात. उसाचा फड म्हणजे गार सावली, खाली पाचटाचा जाड थर, उंदीर भरपूर आणि माणसाचा वावर कमी. रानमांजरीला विण्यासाठी याहून चांगली जागा आपल्या जिल्ह्यात कुठं मिळणार? ती पिल्लांना पाचटात दडवून शिकारीला जाते. तोडणीची टोळी सरीसरीनं पुढं सरकते, कोयत्यांचा आवाज जवळ येतो, तशी ती बाहेर पडते आणि लांबून बघत राहते. पिल्लं उघडी पडतात, कुणीतरी ओरडतं, "बिबट्याची पिल्लं!", मग गर्दी आणि मोबाइल. त्या गर्दीत ती येणार कशी? अंधार पडला, माणसं हलली की ती येते. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात वनखातं आणि प्राणी वाचवणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत. पिल्लं सापडली त्याच जागी टोपलीत ठेवायची, माणसांनी लांब व्हायचं आणि आईची वाट बघायची. बिबट्याच्या पिल्लांबाबत हे केलंय, वाघाटीच्या पिल्लांबाबतही केलंय. वाघाटी म्हणजे अंगावर तांबूस ठिपके असलेली, जेमतेम दीड किलो भरणारी मांजर, जगातल्या सगळ्यांत लहान रानटी मांजरांपैकी एक.

आणि 'उचला' हा सल्ला बेकायदेशीर आहे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक तरी आहे का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पकडणंही येतं. चांगल्या मनानं नेलं म्हणून ती व्याख्या बदलत नाही. शिवाय कुणीही पिशवीतून पिल्लू नेऊन दिलं आणि प्राणिसंग्रहालयानं ठेवून घेतलं, असं होत नसतं. मधे वनखातं असावंच लागतं.

दुधाचं तर बोलूच नये. गाईचं दूध मांजरवर्गातल्या पिल्लांना नीट पचत नाही. जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवातलं पाणी एका रात्रीत जातं. भाच्यानं पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत एका पिल्लाची शेपटी घाणीनं माखलेली दिसत होती. मी त्याला फोन करून आधी ती वाटी उचलायला लावली आणि १९२६ वर फोन करायला सांगितलं. तो वनखात्याचा मदत क्रमांक आहे. तिकडून वनरक्षक आले, त्यांनी पिल्लं बघितली, एक मलूल होतं, पण दोन्ही अंगानं धड होती. त्यांच्या सांगण्यावरून दादानं तेवढ्या तुकड्याची तोड थांबवली. टोळीच्या मुकादमाची कुरकुर झाली, ती दादानं ऐकून घेतली. पिल्लं टोपलीत घालून त्याच सरीत ठेवली आणि सगळे वस्तीवर गेले. पहाटे टोपली आडवी पडलेली होती. आत एकही पिल्लू नव्हतं, आणि ओल्या सरीत पावलं उमटलेली होती.

दादाला त्या मांजरीचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात शोमिता मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानमांजराच्या विष्ठेचा अभ्यास केला. एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं, म्हणजे वर्षाला हजाराच्या वर, असा त्यांचा हिशेब आहे. ज्वारीच्या आणि उसाच्या रानात उंदीर काय करतात, ते सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

आता पिंजऱ्याचं. काही वेळा रानमांजराला पिंजऱ्यात ठेवावंच लागतं. एखादं जखमी असतं, एखादं माणसानं वाढवल्यामुळं शिकार न शिकलेलं असतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघाटीच्या प्रजननासाठीही पिंजरे आहेत. माझा विरोध पिंजऱ्याला नाही. 'झाडझुडूप नको, ढोली नको, प्राणी दिसला पाहिजे' या वाक्याला आहे. त्या फॉरवर्डमधलं सगळ्यांत वाईट वाक्य हेच.

काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयात मी असाच पिंजरा पाहिला. तिन्ही बाजूंनी जाळी, मागं भिंत, खाली फरशी, मधे एक सिमेंटचा ओटा. लपायला एक आडोसा नाही. आत एक रानमांजर जाळीच्या कडेनं फेऱ्या मारत होतं. सहा पावलं, वळण, सहा पावलं, वळण. उजव्या कोपऱ्यात वळताना दर वेळी त्याचं नाक त्याच एका तारेला घासायचं. तारेचा हिरवा रंग तेवढ्या बोटभर जागेतच उडाला होता, आणि मांजराच्या नाकावरची कातडी सोलून गुलाबी झाली होती. पोरं जाळीवर हात आपटत होती. एकानं शेंगा फेकल्या. मांजर थांबलं नाही, वळून बघितलंही नाही. मी तिथं वीस मिनिटं उभी होते आणि वीस मिनिटं तेच चाललं होतं. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "बघा, किती चपळ आहे." ती चपळाई नव्हती. कोंडलेल्या जनावराची ती येरझार होती, तिला दुखणंच म्हणायचं.

हे मी मनानं सांगत नाही. १९९३ मध्ये कॅथी कार्लस्टेड, जॅनिन ब्राउन आणि जॉन सायडेनस्टिकर या संशोधकांनी 'झू बायॉलॉजी' या नियतकालिकात बिबट्या मांजरांवरचं काम प्रसिद्ध केलं. बिबट्या मांजर म्हणजे आपल्या सह्याद्रीतही असणारं, घरच्या मांजराएवढं ठिपकेवालं रानटी मांजर. ही मांजरं उघड्याबोडक्या पिंजऱ्यांत हलवल्यावर त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलं आणि वाढलेलंच राहिलं. मग त्याच पिंजऱ्यांत फांद्या आणि लपायच्या जागा केल्या. कॉर्टिसॉल उतरलं, येरझारा कमी झाल्या, आणि मांजरं आजूबाजूला हुंगत, शोधत फिरू लागली.

यात पिंजरा मोठा केलेला नव्हता. लपता येईल असा केला होता, एवढंच.

कारण साधं आहे. वाघाला रानात कुणाचं भय नसतं. रानमांजराचं तसं नाही. ते उंदराच्या दृष्टीनं शिकारी आणि बिबट्याच्या, कुत्र्यांच्या, मोठ्या घुबडाच्या दृष्टीनं शिकार. त्याचं सगळं आयुष्य आडोशाआडून बघण्यात जातं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्यांनी रानमांजर बघितलंय त्यांना हे पटेल. आधी गवतात दोन कान दिसतात, टोकाला काळ्या केसांचा बारीक झुपका असलेले, आणि आपण बोट दाखवेपर्यंत तेही नसतात. अशा जनावराला चहूबाजूंनी उघडं ठेवायचं, समोर माणसं, शेजारच्या पिंजऱ्यात बिबट्याचा वास, आणि पळायला काही नाही. त्याचं शरीर रात्रंदिवस पळण्याच्या तयारीत राहतं. घरात कुणाला पाहुण्यांच्या घोळक्यात, दाराला कडी नसलेल्या खोलीत महिनाभर झोपायला लावून बघा.

"मग लोकांना दिसणार काय?" या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते करून बघितलेलं आहे. लपता येतं अशी खात्री असली की मांजर बाहेर येतं. घरचं नवं मांजर आणलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पहिले चार दिवस ते पलंगाखालून निघत नाही, आणि पलंगाखालची जागा त्याचीच राहिली तर आठवड्यात मांडीवर येतं. पिंजऱ्यात माणसाच्या डोक्याच्या वर फळ्या ठोका, कारण मांजराला उंचावरून खाली बघताना भीती कमी वाटते. प्रेक्षक एकाच बाजूला ठेवा, बाकीच्या बाजू वेलींनी किंवा तट्ट्यांनी बंद करा. पोकळ ओंडके, पाचटाचे ढीग, जाड फांद्या घाला. वरून जाळी हवीच, नाहीतर ते चढून जाईल. आणि खाणं एकदाच ताटात वाढल्यासारखं न देता थोडं थोडं, दिवसातून चार वेळा, त्या ढिगाऱ्यांत दडवून ठेवा. मांजर शोधत फिरतं, आणि लोकांनाही झोपलेल्या गोळ्याऐवजी शिकार करणारं जनावर दिसतं. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. आपल्याकडं पाचट तर लोक पेटवून देतात.

फिनेल आणि फरशीबद्दल थोडक्यात. मांजरवर्गाच्या यकृताला फिनेलमधली फिनॉल गटातली रसायनं नीट निकामी करता येत नाहीत. ओल्या फरशीवर चालून ते पंजे चाटणार, म्हणजे विष पोटात. दुसरं म्हणजे मांजर गालानं, लघवीनं आपल्या जागेवर आपला वास लावून ठेवतं. तो रोज धुऊन काढला की रोज ते परक्याच्या घरात जागं होतं. आणि सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या सिमेंटवर दुपारी दोन वाजता आपण अनवाणी उभं राहून बघावं. खाली माती हवी, वर सावली हवी. स्वच्छता हवीच, पण घाण उचलून आणि माती बदलून.

झोपेचं म्हणणं तर उलटंच आहे. घाबरलेलं मांजर पुष्कळदा डोळे मिटून, अंग आखडून पडून राहतं, झोपेचं सोंग घेतं. शरीर सैल आहे की आवळलेलं ते बघायला हवं. शिवाय रानमांजर दिवसाही हिंडणारं जनावर आहे. नुसतं बिनहाडाचं चिकन घातलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात, हेही जाता जाता सांगते, कारण फॉरवर्डखाली कुणीतरी तसा सल्ला दिलाय.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. प्राणिसंग्रहालयात रानमांजरं रानातल्यापेक्षा जास्त वर्षं जगतात, हे खरं आहे. तिथं कुत्री नाहीत, रस्त्यावरची वाहनं नाहीत, उपासमार नाही. पण वर्षं मोजून सुख कळतं असं असेल तर ते नाक सोललेलं मांजरही सुखीच म्हणावं लागेल. आणि लहान जनावराला वाघाएवढी जागा लागत नाही, हेही मला नाइलाजानं मान्य आहे. मोकळ्या मोठ्या अंगणापेक्षा दाट भरलेली मध्यम जागा त्याला बरी. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. त्यानं जागाही कमी केली आणि आतला आडोसाही काढला.

प्राणिसंग्रहालयात गेलात तर जाळीवर हात आपटू नका, खायला टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे (38J) मध्ये प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं आणि आवाज करून त्रास देणं हे सगळं मना आहे. आडोशामागचं मांजर दिसलं नाही तर पाच मिनिटं गप्प उभं राहा.

आमच्या भाच्यानं तो फॉरवर्ड ज्या ज्या गटात पाठवला होता तिथं स्वतःच्या नावानं खाली लिहिलंय, "ही माहिती चुकीची आहे, आमच्या रानातली पिल्लं आईनं नेली." मुकादमानं ते आपल्या टोळीच्या गटात पुढं पाठवलं. टोळी आता माढ्याकडच्या फडात गेली आहे. परवा तिकडून त्याचा फोन आला, पाचटात पुन्हा पिल्लं दिसली होती, या वेळी तीन. त्यानं तेवढ्या चार सऱ्या सोडून तोड पुढं नेली होती आणि १९२६ वर फोन लावला होता.