पगारापुरती नाती?

'आजारपणात शेवटी घरचेच धावतात, कामावरची नाती पगारापुरती' हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी एसटीत वाहक. २०१८ मध्ये मला रक्ताचा कर्करोग निघाला, मुंबईत उपचार सुरू झाले. किमोनंतर प्लेटलेट पार खाली गेल्या. दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, साठा करून ठेवता येत नाही, म्हणून दाता सारखा नवा लागतो. घरातले दाता म्हणून चालणारे दोघंच, भाऊ आणि मेहुणा. बाकी सगळे आमच्या आगारातले. रातराणीने निघायचे, पहाटे दादरला उतरायचे, रक्तातल्या प्लेटलेट काढून घेणाऱ्या यंत्राला तास-दीड तास हात लावून बसायचे आणि दुपारच्या गाडीने परत ड्यूटीवर. वाहतूक नियंत्रकाने चक्क वहीच घातली होती: कोण कधी देऊन आला, कोणाची पाळी पुढची, कोणी अंगदुखीला ॲस्पिरिन घेतली म्हणून ३ दिवस थांबायचं. त्या वहीतलं पहिलं नाव एका चालकाचं. ड्यूटीच्या चार्टवरून झालेल्या भांडणामुळे आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो! तो तीनदा आला. वर भेटायला एकदाही नाही. बायकोच्या हातात भाकरीचं गाठोडं देऊन खालूनच जायचा.

मदत मागायचा संकोच वाटतो, हे मात्र लेखात बरोबर लिहिलंय. मीही मागितली नव्हती. बायको रजेचा अर्ज द्यायला आगारात गेली आणि तिथल्या बाकावर तिला रडू फुटलं, तेवढ्यावर त्यांनी वही काढली.